मांडीवरची गिटार

आई, तुझी होती तशीच गिटार मी यंदा बनवली. तशीच म्हणजे मांडीवर आडवी घ्यायची, विजेवर चालणारी, डाव्या हातातला लोखंडी गट्टू तारांवरून सरकवत वाजवायची. बाजारात आता नव्या चांगल्या मिळतात, पण मला तुझ्या काळातली हवी होती. घरचे म्हणाले, रिटायर झाल्यावर काहीतरी नाद हवाच. आयटीआयमध्ये इतकी वर्षं वायरमनचा वर्ग घेतला, त्यामुळे वायरी नि सोल्डरची भीती नव्हती. भीती वाटायची ती आपल्याला आठवतंय ते खरं आहे का, याची.

आठवतं ते असं. सोलापुरातलं आपलं दोन खोल्यांचं घर, आणि प्लगचं एकच बटण, तेही स्वयंपाकघरात. म्हणून रेडिओ पिठाच्या डब्याशेजारी. मामांनी मुंबईहून आणलेली तुझी गिटार त्या रेडिओच्या पाठीमागे, ग्रामोफोन जोडायच्या भोकांत जोडायची आणि रेडिओतूनच वाजायची. शाळेतून येतेस, भाकरी होतात, तवा उतरवतेस, पदराला हात पुसून पाटावर बसतेस. रेडिओ तापेपर्यंत थांबावं लागतं. मग आतून घूं असा आवाज येतो आणि मला धीर धरवत नाही. मी गट्टू ओढून घेते, तारांवर दाणकन सरकवते. तू माझं मनगट धरतेस. ओरडत नाहीस. "हळू की गं. सूर काय पळून जातोय व्हय?" शाळेत तू बाई होतीस, तोलून मापून बोलायचीस, गिटारीपाशी मात्र माहेरच्या करकंबचीच राहिलीस.

मधेच लाईट जायची. रेडिओ गप्प व्हायचा, तू थांबायची नाहीस. भरीव लाकडाची गिटार, वीज नसली की तिचा आवाज जेमतेम तुझा तुला ऐकू यायचा. मी तुझ्या मांडीशी आडवी होऊन लाकडाला कान लावायचे. तेव्हा सूर कानात नाही, दातांत वाजायचा. तुझ्या लुगड्याला भाकरीचा, धुराचा वास असायचा. तसं गाणं मला पुन्हा कुठं ऐकायला मिळालं नाही, आई.

मग तुझी बोटं सुजायला लागली. मी पुण्याला होस्टेलवर होते. दिवाळीला घरी आले तर भिंतीवरचा खिळा मोकळा. रविवारी तुझ्याकडे शिकायला यायची, ती लग्न होऊन वैरागला गेलेली मुलगी, तिला तू गिटार देऊन टाकली होतीस. "माझ्याच्यानं आता गट्टू धरवत न्हाय. वाजवत्या घरात जाऊ दे की," एवढंच म्हणालीस आणि मला जेवायला वाढलंस. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

बनवायला घेतली तेव्हा हाताशी तिचा एकच फोटो होता, काळा-पांढरा. कुठल्याशा जुन्या घराची सागवानी तुळई एका सुताराकडे मिळाली, तिच्यातून गिटारीचं अंग कापून घेतलं. स्क्रू सरळ खाचेचे हवे होते, आताच्यासारखे फुलीच्या खाचेचे नकोत. ते मंगळवारच्या बाजारात जुनी यंत्रं मोडणाऱ्याकडे एकेक वेचले. बटणं त्या काळच्या कडक प्लॅस्टिकची, बॅकेलाइटची, आतली वायर कापडी वेष्टणाची. तारांखालची, सूर पकडणारी कॉइल केसाहून बारीक तारेची, ती मी हातानेच गुंडाळली. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमली. रंगापाशी मात्र अडले. दादा म्हणाला लाल होती, मला वाटायचं काळपट. मग सरळ वैरागची एसटी धरली.

तुझी विद्यार्थिनी आता सत्तरीची आहे. मी तिला अक्का म्हणते. तुझं नाव काढलं तशी ती उंबऱ्यातच बसली. "बाईंची गिटार? लई वरसं वाजवली गं मी. एका पावसात घर गळलं, लाकूड फुगलं, उकललं. जपाया न्हाय जमलं." मी रंग विचारला. "तांबूस हुती की. आन् खालच्या कडंला रंगच नव्हता. बाईंच्या पदराची जर घासून घासून गेलेला."

हे मला ठाऊक नव्हतं. रोज तिथंच डोकं टेकत होते आणि दिसलं नव्हतं. घरी येऊन तांबूस रंग दिला. तो वाळल्यावर खालची कड घासायला पॉलिश पेपर हातात घेतला. जुनी दिसावी म्हणून लोक अशी झीज मुद्दाम आणतात. पण पेपर तसाच ठेवून दिला. बाकी सगळं मला करता आलं; ती झीज तुझी होती.

गेल्या रविवारी अक्का आली, दादाही आला. जुना रेडिओ दुरुस्त करून ठेवला होता. अक्कानं गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि तू शिकवलेलं काहीतरी वाजवायला लागली. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संपल्यावर म्हणाला, "आईच की गं ही. अगदी आईच." अक्का डोळे पुसत होती. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

आवाज गोड होता, आई. जुनाही होता. पण तुझ्या गिटारीचा होता की नाही, ते मला ओळखता आलं नाही. मी खूप कान दिला, तरी नाही. हे त्यांना सांगवलं नाही, म्हणून इथं लिहितेय. हा कागद कुणाला दाखवायचा नाही. त्या दोघांना तू भेटलीस. मीही मान हलवली, आणि हो, आईच, असं म्हणाले.