पेंढ्याविना साखर

मन्सूरा, ३ ऑक्टोबर १९९९

प्रिय शहातामामा,

तुम्हाला आणि हानिममामीला सलाम.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. आमच्या एन्झाइमने भाताच्या पेंढ्यातली बहुतेक साखर सुटी केली, आता तिचं इंधन होईल, असं मी लिहिलं होतं. ते खरं नसावं. एन्झाइम टिकावं म्हणून त्याच्या द्रावणात मुळातच साखर घातलेली असते. पेंढा न घालता नुसतं द्रावण तपासून ती वजा करायची असते, ते आमच्याकडे झालंच नाही. घरी शिकवताना तुम्ही मला आधी रिकामं पारडं बघायला लावायचात, तसंच. मी हे सुचवलं तर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वगीह हसून म्हणाले, वेळ घालवू नकोस. पुन्हा विचारलं तेव्हा हसले नाहीत.

माझ्या त्या पत्राच्या भरवशावर गोदामासाठी पेरूची बाग विकू नका. रागावलात तरी लोभ असू द्या.

नवारा

कफ्र शनब, ९ ऑक्टोबर

लाडके नवारा,

खुशाल असशील. मामी विचारते, पोरगी जेवते ना, असं घाबरट का लिहिते? तुझं आधीचं पत्र मी गावात वाचून दाखवलं, आता कोणत्या तोंडाने शब्द फिरवू? परवा तुझे वगीहसाहेब स्वतः आले होते. मामीच्या हातचं लोणी लावलेलं फतीर मागून मागून खाल्लं. म्हणाले, हुशार आहे, पण लग्न जमत नाही म्हणून चिडचिडी झालीय. मला ते रुचलं नाही. बाग त्यांचा मेहुणाच घेतोय, पेंढ्याच्या गोदामासाठी. पेंढ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, डांबरी रस्ता कुठवर येणार तेवढं विचारलं. सह्या मंगळवारी, १९ तारखेला. मामीचे आशीर्वाद.

तुझा मामा

मन्सूरा, १३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

सलाम. पेंढ्याशिवायची चाचणी मी केली. जवळपास तेवढीच साखर निघाली. मेहुण्याचं मला तुमच्याकडूनच कळलं. ही चूक की लबाडी, मला ठाऊक नाही. कुणावर आळ घ्यायला जीव घाबरतो. पण निकाल दाखवल्यावर साहेबांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, घरी जाऊन विश्रांती घे.

म्हणून सह्यांच्या आदल्या दिवशी गावी येते. द्रावणाची बाटली आधीच रीतसर सही करून घेतली होती. मामीच्या मधुमेहाच्या, साखर तपासायच्या पट्ट्या जपून ठेवा. पेंढ्याची काडी न घालता पट्टीचा रंग कसा बदलतो, ते मशिदीसमोर सगळ्यांनी बघावं. साहेबांनाही बोलावा, त्यांचं म्हणणं त्यांनी तोंडावर मांडावं. तोवर सही करू नका, आणि माझ्यावरचा लोभ निदान सोमवार, १८ ऑक्टोबरपर्यंत आहे तसाच ठेवा.

नवारा