भोंग्याआधीच खिडक्या बंद

बुधवार, संध्याकाळ. बदलापूर

आज पाचच्या सुमारास अणुहल्ल्याची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला की खिडक्या लावायच्या, नाकावर ओलं फडकं धरायचं. अधिकारी आमच्या बिल्डिंगवर भलतेच खूश. "मॅडम, भोंग्याआधीच सगळ्या खिडक्या बंद. एवढी तयारी कुठेच बघितली नाही."

मी सोसायटीची सेक्रेटरी. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "साहेब, ही तुमच्या तालमीची तयारी नाही. रोज पाचला मागची केमिकल कंपनी गॅस सोडते. ओलं फडकं आमच्या दारामागे बारा महिने टांगलेलं असतं. हे लिहा."

"फॉर्ममध्ये त्याचा कॉलम नाही," म्हणाले, आणि सहीसाठी कागद पुढे केला.

नाही केली सही. चुकलं का माझं? अजिबात नाही. उद्या पाचला सहीसाठी परत येणार आहेत म्हणे. येऊ देत. फडकं त्यांच्या हातात देईन आणि खिडकी उघडेन.