माझ्या पटाचा आदला दिवस

बाबा,

उद्या माझा पट आहे. हे वाक्य लिहिलं आणि मी एकटीच हसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चष्मा कोणत्या पेटीत ठेवला आहे हेही आता घरात कोणाला सांगता येणार नाही, आणि मी भरदुपारी सौसरच्या घरात पलंगावर सगळं सामान मांडून तुम्हाला शर्यतीची बातमी देते आहे. पट म्हटलं तरी ही शर्यत बैलांची नाही, माणसांची आहे. नागपूरच्या रस्त्यांवर, बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. तिला मॅरेथॉन म्हणतात. तिच्यात बैलही आपणच आणि हाकणाराही आपणच. तुमची मुलगी, सत्तेचाळीस वर्षांची, सरकारी शाळेत गणित शिकवणारी, रात्री गुडघ्यांना तेल लावून झोपणारी बाई, उद्या पहाटे तिथं उभी राहणार आहे. तुम्ही हे ऐकून आधी मायकडे बघितलं असतं आणि मग विचारलं असतं की बक्षीस काय आहे. बक्षीस एक पदक आहे आणि शेवटपर्यंत पोचेल त्या प्रत्येकाला ते मिळतं. हे काही तुम्हाला आवडलं नसतं.

सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ह्यांच्या चहात साखरेच्या जागी मीठ पडलं. ते बिचारे अर्धा कप प्यायले आणि म्हणाले, आज तुला काही बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. तहसील कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, कधी बोलू नये हे त्यांना बरोबर कळतं. आमच्याकडे पहाटे लोधीखेड्याच्या रस्त्यावर पळणारे आम्ही पाचसहा जण आहोत. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, तेच आमचे गुरू. त्यांनी अशा बऱ्याच शर्यती केल्या आहेत. महिनाभर ते रोज सांगत होते की झोपण्याआधी डोळे मिटा आणि अख्खी शर्यत मनात पळून बघा. कुठं दमाल, तेव्हा काय कराल, सगळं आधीच बघून ठेवा, म्हणजे त्या दिवशी काही अचानक अंगावर येणार नाही. मी इमानदारीनं डोळे मिटते, पहिल्या वळणापर्यंत पोचते आणि घोरायला लागते. हे अर्थात ह्यांचं म्हणणं आहे, मला मान्य नाही. शेवटचे दोन आठवडे साहेबांनी पळणंही कमी करायला लावलं, पाय ताजे राहावेत म्हणून. त्या विश्रांतीनं मला वेड लागायची पाळी आली. शाळेत फळ्यासमोर उभी असताना माझी टाच आपोआप वरखाली व्हायची, पोरं खिदळायची, आणि मला आपला पांढरा बैल आठवायचा.

पटाच्या आधी आठवडाभर तुम्ही जोडीला ना वखराला जुंपायचे ना गाडीला. सकाळी ओढ्यापर्यंत चालवत न्यायचे आणि परत आणायचे, बस. पांढरा गोठ्यात उभ्या उभ्या खूर आपटायचा, तांबडा दाव्याला हिसके द्यायचा, आणि तुमच्या तोंडावर असं समाधान असायचं की माय चिडायची. माझ्या शाळेतल्या सगळ्याच मुलांना आता शंकरपट माहीत नसतो, समजावून सांगावा लागतो: दोन बैल, मागे एक हलका छकडा, त्यावर बसलेला धुरकरी, समोर सपाट केलेली सरळ वाट आणि दोन्ही अंगांना माणसंच माणसं. एक सकाळ अजून डोळ्यांपुढे येते: मी दहाअकराची आहे. तिगावच्या आपल्या अंगणात धुकं आहे, संत्र्याच्या बागेकडून गारवा येतो आहे. तुम्ही पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलता आहात, आणि मी नवा फ्रॉक घालून आरडाओरडा करत धावत येते. तुम्ही वळता. मला वाटतं, आता बसणार एक. तुम्ही आवाजही चढवत नाही.

"तुई घाई त्यायच्या आंगात नोको भरू," तुम्ही म्हणता. "बाहेर जाय, घाई सांडून ये, मंग हात लाव."

मी खरंच बाहेर गेले, ओट्यावर बसले आणि घाई कशी सांडतात याचा विचार करत राहिले. अजून मला ते नीट जमलेलं नाही. तुम्हाला तरी कुठं जमायचं म्हणा. बैलांना शांत ठेवायचं आणि स्वतः मात्र छकड्याच्या चाकाची खीळ तपासून आलात की पुन्हा तपासायला जायचं. भाकर पुढ्यात तशीच राहायची. माय म्हणायची की पट बैलांचा आहे का ह्यांचा तेच समजत नाही. आज मी माझी बॅग उघडून बघते, लावते आणि पुन्हा उघडते, तेव्हा हे मला बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी मायचा भाव असतो.

आपल्या जोडीनं एकही पट जिंकला नाही, हे इथं लिहिलं तर चालेल ना? दुसरी यायची, तिसरी यायची, पण पहिली कधी नाही. आणि ज्या वर्षी येणार अशी सगळ्या गावाची खात्री होती, त्या वर्षी तुम्ही आदल्या दिवशी चाकाला वंगण आणायला म्हणून पांढुर्ण्याच्या बाजारात गेलात आणि पितळी घुंगरांच्या दोन नव्या माळा घेऊन आलात. सकाळी स्वतःच्या हातानं त्या बांधल्या. काय दिसत होती जोडी! निशाण पडलं, बैल उधळले, आणि गळ्यातला तो अनोळखी खणखणाट त्यांच्या कानात असा शिरला की दोघांनी एकाच वेळी वाट सोडली आणि शेजारच्या उभ्या तुरीत घुसले. धुरकरी भुसभुशीत मातीत पडला, त्याला काही लागलं नाही. लोक हसून लोळत होते. तुम्ही एका पायात वहाण, एक पाय उघडा, असे तुरीतून धावत होता. मला रडू फुटलं होतं. बऱ्याच वेळानं तुम्ही दोघांना धरून आणलं, तुमच्या केसांत तुरीच्या शेंगा अडकल्या होत्या. माझं तोंड बघून तुम्ही म्हणालात, "रडतं काऊन? पयल्या नंबरानंच आली व आपली जोडी. पन तुरीत."

त्यामुळे साहेबांनी जेव्हा सांगितलं की शर्यतीच्या दिवशी नवीन काही घालायचं नाही, नवीन काही खायचं नाही, तेव्हा मला हसू आवरेना आणि ही गोष्ट सगळ्यांना सांगावी लागली. साहेब तर हसता हसता रस्त्याच्या कडेला बसले. आता आमच्या गटात कोणी नवीन काही आणलं की सगळे एकदम म्हणतात, तुरीत जाशील. तुमचं नाव असं राहिलं आहे बघा. तरी मोह होतोच. मंगळवारी नागपूरला राहणाऱ्या माझ्या पोरीनं नवे बूट पाठवले, गुलाबी, हातात धरले तर काहीच धरलं नाही असं वाटावं इतके हलके. मी ते घालून घरातल्या घरात दोन चकरा मारल्या आणि जीव घट्ट करून खोक्यात परत ठेवले. उद्या जुनेच. खाण्याचंही तसंच. पळणारे वाटेत ताकदीसाठी घेतात तो पाऊचमधला गोड चिकट रस एकदा लोधीखेड्याच्या रस्त्यावर खाऊन बघितला होता. त्यानंतर मला एका अनोळखी घराचं दार ठोठावावं लागलं. त्या घरातल्या बाईंनी काही न विचारता संडासाकडे बोट दाखवलं, भलं होवो त्यांचं. तेव्हापासून आपला खजूर, मीठ आणि पाणी. मधे वाटलं तर संत्र्याची फोड.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगते. गेल्या वर्षीही मी गेले होते. ढोल वाजत होते, माईकवरून कोणीतरी ओरडत होतं, आजूबाजूला विशीतली पोरं उड्या मारत होती, आणि मी त्या गर्दीबरोबर सुटले ती सुटलेच. इतकी छान पळत होते की मला वाटलं, उगाच घाबरत होतो आपण. तीस किलोमीटरच्या पुढे कुठंतरी पायांनी नाही म्हटलं. दुखत होतं असंही नाही, नुसतं नाही. मी दुभाजकावर बसले आणि मग उठलेच नाही. मागून एक गाडी येते, राहिलेल्यांना उचलते, तिनं मला आडरस्त्यानं आणून सोडलं. इकडे पोरगी शेवटच्या रेषेजवळ पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'आई' लिहून सकाळपासून उभी होती. मी तिच्या पाठीमागून आले. तिनं वळून पाहिलं, पुठ्ठा गुंडाळला आणि काखेत धरला. बाबा, पाय सोडून बसले त्याचं मला काही वाटलं नाही. त्या गुंडाळलेल्या पुठ्ठ्याची लाज वाटली, आणि ती वर्षभर गेली नाही. म्हणून या वर्षी तिला सांगितलं की तू येऊ नको, माझं पळून झालं की तुझ्या खोलीवर येते. ह्यांनाही सांगितलं आहे की गाडीतच बसा.

पण या वर्षी माझी तयारी वेगळी आहे. नागपूरचे रस्ते माझ्या डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून मी मनात आपलाच रस्ता धरला आहे. पांढुर्ण्याहून निघायचं, सौसर ओलांडायचं, लोधीखेड्याच्या वाटेला थोडं लागायचं, अंदाजे तेवढंच भरतं. या रस्त्यावर मला झोप येत नाही. सुरुवात पांढुर्ण्यात आहे, म्हणजे बाजार, ओळखीची माणसं, कापसाच्या गाड्या. इथं मिरवायचं नाही. सगळ्यात मागे उभं राहायचं आणि ज्यांना पुढे जायचं त्यांना जाऊ द्यायचं. घड्याळाकडे अर्ध्या वाटेपर्यंत बघायचंच नाही. मग संत्र्याच्या बागा लागतात, तिथं श्वास लागू न देता पळायचं, शेजारच्याशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत. आणि गेल्या वर्षी मी जिथं बसले, ती जागा मी बरोबर त्या विहिरीजवळ आणून ठेवली आहे. आठवते ना ती? सौसरकडच्या पटाला तुम्ही आदल्या दिवशी जोडी चालवत नेत होता, मी छकड्यावर होते. बैल अजून दमलेही नव्हते आणि तुम्ही विहिरीजवळ थांबलात, जू काढलं, पाणी पाजलं, त्यांचे खांदे चोळले. मी म्हटलं, चला ना, ते थकले कुठं आहेत. तुम्ही म्हणालात की थकल्यावर सोडलं तर ते पुन्हा उठत नाहीत. तर मी उद्या पाय नाही म्हणायच्या आधीच तिथं थांबणार आहे. चालत पाणी पिणार, खजूर खाणार, मांड्या चोळणार, आणि मग पुन्हा जू खांद्यावर. हे मी इतक्या वेळा मनात केलं आहे की आता मला त्या जागेची भीती राहिलेली नाही, उलट कधी एकदा ती येते असं झालं आहे. खरंच सांगते, लग्नाच्या आदल्या दिवशीही मी इतकी खुशीत नव्हते. हे ह्यांना सांगू नका.

थांबा जरा.

आले. पोरीला फोन केला होता. म्हटलं, उद्या ये. म्हणजे तुला वेळ असेल तर, पहाटे थंडी असते, उगाच सर्दी होईल, असं बरंच काय काय बोलत सुटले. तिनं मला संपू दिलं. मग म्हणाली, "आई, मी तर येऊनच राहिली होती. तू नाही म्हटलं म्हणून काय झालं."

मी विचारलं, "अन् नाही पोचली मी तर?"

"तर मी तिथवर येईन," ती म्हणाली. "कुठं बसली तेवढं सांग."

फोन ठेवून मी पलंगावर त्या सगळ्या सामानात बसले आणि थोडी रडले, मग तोंड धुतलं. आता पोटात इतकं हलकं वाटतं आहे की आत्ताच पळत नागपूरला जावं. ह्यांनी गाडी बाहेर काढली आहे, हॉर्न वाजवायची हिंमत मात्र होत नाही त्यांची. हे पत्र कपड्यांच्या कपाटात राहील, तुमचा पत्ता कोणत्या पोस्टमनला ठाऊक असणार. आणि एक कबूल करते, बाबा, रागावू नका. मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेच नव्हते. सकाळपासून तिला फोन करायचा होता आणि तो टाळायला काहीतरी काम हवं होतं, म्हणून तुम्हाला बसवून घेतलं.