भरून टाकलेल्या खदानीतला चढ

आबा,

आज मी तुमच्या खदानीत जीप घातली! धुळ्याबाहेरची ती खडीची खदान कधीच बंद झाली. खड्डे मातीनं भरलेत, वर कडुनिंब आणि बांबू लावलेत, आणि हौशी लोक तिथे अवघड वाटांवर गाड्या चढवायला येतात. मला भाषणाला बोलावलं होतं. माईक हातात आला की माझी जीभ आवरत नाही, तुम्हाला माहीतच आहे. "याच चढावरून माझा बाप खडीनं भरलेला टिपर काढायचा. त्याच वाटेनं आज मी जीप वर नेते. नाही नेली तर पुन्हा माईक धरणार नाही!" असं सगळ्यांदेखत बोलून बसले.

तुमचे क्लीनर चाचा, आता सत्तरीचे, शेजारी बसले. वाट मला पाठ होती. आठ वर्षांची मी केबिनमध्ये बसलेय. तुम्ही पायथ्याशी टिपर थांबवता, मला खाली उतरवता, अनवाणी चढ चालायला लावता. मी कुरकुरते. "आधी पायाला कळू दे, मग चाकाला सांग," तुम्ही दरडावता. आज मी उतरलेच नाही. आठवणीच्या भरवशावर गाडी रेटली, आणि अर्ध्यावर चारही चाकं रुतली. खालून हशा उसळला.

"पोर, आते भाषण बंद, खाले उतर," चाचा म्हणाले. "तुना बापना रस्ता बठ्ठा भरेल शे. वरनी माटी पोकळ शे." तुमची अख्खी वाट भरून टाकलेली, आणि मी वरच्या भुसभुशीत मातीत रुतले होते.

चपला काढल्या. टाच मातीत बुडाली. बरंच डावीकडे, बांबूंच्या पलीकडे, पाय टणक खडकाला लागला. लोकांनी दोर लावून जीप मागे ओढली. मग पहिला गिअर. "हळू... हळू... आते दे!" चाचा ओरडले. पुढचं चाक उचललं, काचेत नुसतं आभाळ, आणि आबा, आम्ही वर! मी किंचाळत होते, चाचा डॅशबोर्डवर थापा मारत होते.

वर कुणीतरी माईक पुढे केला. "कुठल्या वाटेनं आलात, ताई?"

"माझ्या बापाच्या वाटेनं!" मी म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. चाचा फक्त चष्मा पुसत राहिले.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुमची वाट आता उरलेली नाही, आबा. मला ती सापडली नाही, आणि तेवढं कबूल केलं असतं तर माईक सोडावा लागला असता.