झऱ्यावरचा उतार

१० मार्च

सहा दिवस वही उघडली नाही. खोटं कशाला बोलू — टाळत होते. पेन्सिलीला टोक काढायचं, मग शेळीचं खाणं आठवायचं, परत येते तर पेन्सिल गायब! खरं कारण वेगळंच. लिहायला बसलं की माझीही चूक लिहावी लागणार.

तर मंगळवारी गावसभा झाली. इथे व्हरमाँटमध्ये वर्षातून एकदा अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमतं आणि हात वर करून ठरवतं — रस्ते, बर्फ काढायचा ट्रक, सगळं. तीन वर्षांपूर्वी असंच ठरलं होतं, की मी जिच्याकडे राहते त्या लॉरेट मावशीच्या झऱ्याच्या वरच्या उतारावर शहरी सांडपाण्याचा गाळ पसरायचा नाही. त्या झऱ्याचं पाणी अकरा घरं पितात. जानेवारीत भटकून परत आल्यापासून मीही.

आता राजधानीत विधेयक आलंय. नाव काय, तर 'हरित भूमी'! गाळ कचराडेपोत न टाकता शेतात खत म्हणून जिरवायचा. आणि आत एक कलम — राज्यापेक्षा कडक नियम कुठल्याच गावाने करायचा नाही. म्हणजे आमचा नियम रद्द. उताराचा मालक एव्हरेट प्रुइट गाळवाल्या कंपनीला जमीन विकायला टपूनच बसलाय.

या विधेयकाला गावाचा विरोध आहे असा ठराव सभेत यायचा होता.

११ मार्च

बाहेरच्या माणसाला सभेत बोलायचं असेल तर दोन तृतीयांश हात वर व्हावे लागतात. कंपनीचा माणूस उठला, टोपी काढून परवानगी मागितली. आमचे सज्जन लोक! पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? हात वर. मावशीचासुद्धा! चाळीस मिनिटं बोलला. माती, हवामान, नातवंडं. मग जेवणाची वेळ.

जेवणानंतर निम्मा हॉल गाईंच्या धारा काढायला घरी जातो, दर वर्षीचंच. आणि ज्या नऊ बायकांनी ठराव लिहिला, दारोदार फिरून सह्या घेतल्या, त्या सगळ्या स्वयंपाकघरात बीन्सची पातेली घासत होत्या. मतं घेतली गेली. ठराव पडला. सहा मतांनी!

मावशीने मला सांगून ठेवलं होतं — विषय निघाला की आत येऊन हाक मार. मला मत नाही, यादीत नाव नाही, पण पाय तर आहेत? मी बाहेर चिखलात रुतलेली कुणाची तरी व्हॅन ढकलत होते. तिला न्यू मेक्सिकोची नंबरप्लेट होती आणि मला तिथल्या गप्पा मारायच्या होत्या.

मावशी ओल्या हातांनी दारात आली. "झालं?" एवढंच म्हणाली.

१३ मार्च

ओरडत का नाही ती माझ्यावर?

१९ मार्च

राजधानीत सुनावणी. मावशीला ट्रकमधून घेऊन गेले. माणशी दोन मिनिटं. समितीच्या अध्यक्षबाई किती गोड, किती नम्र. म्हणाल्या, तुमच्या गावाचा तर विरोधच नाही, ठराव पडला ना तुमचा. मावशी म्हणाली, "आम्ही भांडी घासत होतो, बाई. पुढच्या वर्षी तशीच ठेवू." लोक हसले. घंटा वाजली. वेळ संपली!

पृथ्वी वाचवायची हे मलाही कळतं. पश्चिमेच्या वणव्यांचा धूर मी दोन उन्हाळे खाल्लाय, त्यांनी कागदावर वाचलाय. पण त्यासाठी आमचाच झरा घालवायचा? आणि आम्हाला न विचारता? हरित म्हणे!

घरी येताना वाटेत ओढ्यावर बीव्हर प्राण्याने काटक्या रचून बांधलेलं नवं धरण दिसलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

२६ मार्च

समितीने विधेयक पुढे पाठवलं. नऊ विरुद्ध दोन.

एव्हरेट दुकानाबाहेर भेटला. मी तोंड सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, तू दोन महिन्यांत निघून जाशील. मला इथेच म्हातारं व्हायचंय." तो आत गेल्यावर त्याच्या पिकअपच्या टायरची हवा सोडायला वाकले. टोपण काढलंसुद्धा. मग परत लावलं. दुसरं काही सुचेना म्हणून गावाच्या कारकूनबाईंकडे गेले आणि मतदारयादीत नाव घातलं. बाईंनी विचारलं, पत्ता कायमचा का? हो म्हटलं. रागाच्या भरात.

२७ मार्च

उद्या सकाळी उताराचं खरेदीखत. मावशी झऱ्याच्या तोंडावरची पानं काढत बसलीय. कशाला, ते विचारायची हिंमत नाही.

२८ मार्च, दुपार

दारात आर्डिथ प्रुइट उभी आहे. एव्हरेटची बायको! हातात बॅग, बूट चिखलाने भरलेले. म्हणाली, "जमीन दोघांच्या नावावर आहे, लॉरेट. मी सही केली नाही. एखादी खाट आहे का?"

जास्तीची एकच आहे, माझी. तिच्यावरचा पसारा आवरायला उठते.