नदीकडे बघवतं कसं

प्रिय इरा,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, त्या नदीकडे तुला बघवतं तरी कसं? मी कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त करून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

खरं सांगू, बघवतं. रोज साडेपाचला चहा घेऊन गॅलरीत बसते. सूर्य डोंगराला टेकला की उल्हास नदी तांबूस होते, मग जांभळी, आणि शेवटी पलीकडच्या वीटभट्टीचा धूर कुठला नि पाणी कुठलं, कळेनासं होतं. शेजारच्या यशोधराताई म्हणतात, बाई, तुमचं मन घट्ट. मी कप विसळायला उठते.

कॅम्प चारची आपली जुनी खोली तुला आठवत नसेल. खिडकीसमोर जीन्स धुण्याचा कारखाना, गटारातून निळं पाणी. बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीतून आले की आधी खिडकी लावून घ्यायचे. त्यांना फ्लॅट कात्रपला घ्यायचा होता. नदीपासून लांब, शाळा जवळ. हट्ट मी धरला. इतकी वर्षं गटार पाहिलं, आता नदी बघू दे म्हटलं. हसून म्हणाले, "बघ बाई, नदी बघ." आणि मग माझ्यापेक्षा तेच रमले. सुट्टीच्या दिवशी उन्हं कलली की हाका सुरू, "अगं, पोळ्या राहू देत, हा चालला बघ." मी आतूनच म्हणायचे, उद्याही मावळणारच आहे तो.

पुरात ते गेले, त्याच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, बाबांना आपल्यापेक्षा स्कूटर प्यारी होती. तेव्हापासून तू त्यांच्या फोटोला हार घातलेला नाहीस. दोन वर्षं झाली, मी गप्प आहे.

शनिवारी तू मला कायमची पुण्याला न्यायला येणार. त्याआधी हे वाच. त्या सकाळी पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस. वॉचमन महेंद्र खालून ओरडत होता, "कोई नीचे मत आना." बाबा खुर्चीतून उठलेही नव्हते. "राहू दे गं, दुसरी घेऊ." मी म्हटलं, "तुम्हाला काय, स्कूटर चालवते मी. बसा नदी बघत." ते उठले, पायजमा दुमडला, दारातून वळून किल्ली मागितली. मी ती हातात दिली. थोड्या वेळाने कंपाउंडची भिंत पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी नदी इतकी गरीब दिसते, इरा, की तिनं काही केलं असेल असं वाटतच नाही. मग दोष द्यायला मीच उरते. म्हणून तिथे बसते.

रागवायचं तर माझ्यावर रागाव, त्यांच्यावर नको. शनिवारी आली नाहीस तरी मी समजेन.

अजून तरी तुझीच,
आई