होफरचा गोल

गुरुवार, ५ मे १९११

मला घेतलं! सरावापुरतं का होईना, घेतलं! कारखान्याच्या फुटबॉल संघात सगळे परदेशी साहेब — जर्मन, डच, दोन इंग्रज. आणि आता मी, तेलाची पिंपं बांधणारा घेरासिम!

बायको, लिसावेता, म्हणते, "संसारी माणूस चड्डीवर पळणार? प्लोयेश्त शहरभर शोभा होईल!" पण हसत होती.

शनिवार, ७ मे

दोन्ही टाचांना फोड. काय मजा!

रविवार, ८ मे

घाईत लिहितोय. अक्षर कसंही येवो!

आज लीगचा शेवटचा सामना, बुखारेस्टवाल्यांशी. जिंकलो तर चषक आमचा. आणि सकाळीच आमच्या जर्मन होफरचा घोटा मुरगळला! कप्तान डी व्रीस साहेबांनी मला बाजूला ओढलं. "तुझं नाव लीगच्या यादीत नाही. यादीबाहेरचा खेळला तर आपण हरलो असं धरतात. तेव्हा आज तू होफर. तोंड उघडायचं नाही."

नाही उघडलं! एकदाच उघडलं. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं उरलेली, चेंडू थेट माझ्या पायात — हाणली लाथ! डोळे मिटलेले होते, देवाशपथ! उघडले तर जाळं हलतंय. मी चक्क आपल्या बोलीत बोंब मारली, "आई गं, गेला!"

त्यांचा गोलकीपर मातीत बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, आमची भाषा बरी जमते हो तुम्हाला!"

पण पंचांकडे तक्रार केली नाही बिचाऱ्यानं. चषक आमचा!!

मंगळवार, १० मे

दहा मेच्या राष्ट्रीय सणाची मिरवणूक. बँड, झेंडे, आणि आमचा चषक! पुढे होफर, लंगडत. बायका त्याच्यावर फुलं फेकतायत. तो बिटासारखा लाल.

लिसावेता गर्दीत मोठ्यांदा म्हणाली, "तो लंगडा गोल मारेल? लोकांना डोळे नाहीत का?" मी तिचा हात दाबला.

गुरुवार, १२ मे

पेपरात आलं — 'होफरचा अफलातून गोल'. चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी होफरच.

दुपारी तो स्वतः पिंपांच्या शेडमध्ये आला, प्लमच्या दारूची बाटली घेऊन. "ही तुझी. मला लाज वाटते रे." दोघांनी मिळून संपवली.

शनिवार, १४ मे

डी व्रीस साहेब म्हणाले, "गप्प राहा. पुढच्या मोसमात यादीत पहिलं नाव तुझं." पहिलं! यादीत! घरापर्यंत पळत आलो. रात्री पेपर पुन्हा काढला, तर तिथे अजून होफरच.

सोमवार, १६ मे

लीगच्या कचेरीला पत्र टाकलं. गोल मी मारला, मी यादीत नव्हतो. साहेबांना आधी सांगितलं. त्यांनी पाठ फिरवली.

लिसावेता दारातच उभी. "चषक जाणार?"

"जाणार."

"आणि यादीतलं नाव?"

"तेही."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "सही तरी पूर्ण नावानं केलीस ना?"

केली. घेरासिम तुदोरान.